सोमालियाचे हवाई दल १९९१ च्या आधीच संपले होते

जानेवारी १९९१ मध्ये सोमालियाचा लष्करी हुकूमशहा सियाद बारे राजधानी मोगादिशू सोडून पळाला, सोमालियाचे राज्य कोसळले आणि त्याबरोबर हवाई दलही गेले, असे सर्रास लिहिले जाते. मला हा क्रम पटत नाही. राज्य कोसळले तेव्हा विमाने तेवढी शिल्लक होती. दल केव्हाच संपले होते.

सत्तरच्या दशकात सोव्हिएत मिग-१७ व मिग-२१, सोव्हिएत प्रशिक्षक आणि बेर्बेराची चार किलोमीटरहून लांब धावपट्टी यांच्या जोरावर हे दल आफ्रिकेत वजनदार मानले जाई. १९७७ मध्ये इथिओपियाच्या ताब्यातील, सोमाली वस्तीच्या ओगादेन प्रदेशासाठी सोमालियाने इथिओपियावर चढाई केली, मॉस्कोने इथिओपियाची बाजू घेतली, नोव्हेंबरमध्ये बारेने सोव्हिएत सल्लागारांना हाकलले आणि सुट्या भागांचा ओघ आटला. लढाऊ विमान नुसते उभे राहिले तरी खराब होते: रबरी सील कडक होतात, टायरना चिरा पडतात, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातील काडतुसांची मुदत संपते. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ बांधली जात, म्हणूनच ती भारतात सप्टेंबर २०२५ पर्यंत उडू शकली. सोमालियापाशी विमाने होती, कारखाना नव्हता. नंतर चीनची एफ-६ आणि अबुधाबीची जुनी हंटर ही लढाऊ विमाने मिळाली, पण उसनवारीवर दल उभे राहत नाही.

तरीही खरा शेवट सुट्या भागांअभावी झाला, असे मी म्हणणार नाही. तो १९८८ मध्ये उत्तरेतील हरगेसा शहरात झाला. सोमाली नॅशनल मूव्हमेंटचे बंडखोर शहरात शिरल्यावर सरकारी विमाने हरगेसाच्याच विमानतळावरून उडत, हरगेसावरच बॉम्ब टाकत आणि पुन्हा तिथेच उतरत. त्यांत परदेशातून भाड्याने आणलेले वैमानिकही होते. एका सोमाली वैमानिकाने स्वकीयांवर बॉम्ब टाकण्याऐवजी आपले मिग-१७ शेजारच्या जिबूती देशात नेले. ज्या दलाला स्वतःच्या शहरावर हल्ला करण्यासाठी भाडोत्री माणसे लागतात, त्याला राष्ट्रीय म्हणण्यात काय अर्थ उरतो?

हरगेसाच्या चौकात आज एक मिग-१७ चौथऱ्यावर चढवलेले आहे, आणि चौथऱ्यावर त्याच बॉम्बफेकीची चित्रे आहेत. इतर देशांत अशी विमाने अभिमानाने मांडतात. इथे ते आरोपपत्र आहे.

१९९१ नंतर विमाने मोगादिशूच्या धावपट्टीकडेला भंगार होऊन पडली, याची चर्चा बरीच होते. त्यामानाने दुर्लक्षित राहिलेली गोष्ट अशी, की सोमालियाच्या आकाशातून जाणाऱ्या प्रवासी विमानांचे नियंत्रण अनेक वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेखाली नैरोबीहून चालले आणि ते मोगादिशूकडे परत आले थेट २०१७ च्या अखेरीस.