काळवीट मारायची परवानगी तालुक्याला मिळत नाही

परवा मामेभावाचा फोन आला. सोलापूरजवळ त्याची ज्वारी आहे आणि घरात पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला मेसेज आला होता: हरीण जंगल सोडून गावात, शहरात किंवा मालकीच्या जागेत आलं की वन्यजीव कायदा संपतो, बंदुकीचा परवाना आणि तालुक्याच्या वन अधिकाऱ्याची एका दिवसाची परवानगी असली की मारता येतं, मटण घरीच खाल्लं तर गुन्हा नाही, अमेरिकेत तर शहरातसुद्धा मारतात. "दादा, अर्ज कुणाकडे द्यायचा?" हे ऐकून मी त्याच्यावर ओरडलोच.

जंगल सोडलं की कायदा संपतो, हे कुणी शोधून काढलं? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्राण्याची जात बघतो. तो सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे हे विचारत नाही. कलम ९ नं शिकारीला बंदी आहे आणि कायद्याच्या व्याख्येत फासा लावणं, विष घालणं, नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. आमच्या माळावर फिरतं ते हरीण म्हणजे काळवीट, कायद्याच्या अनुसूची १ मधलं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतलं. त्याला मारायची परवानगी कलम ११ प्रमाणे फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही लेखी. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला हवा, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी. शिवाय त्याला पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नाही याची आधी खात्री करावी लागते. ज्वारी खाल्ली हे कारण त्यात बसतच नाही. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद, आणि किमान २५,००० रुपये दंड.

बंदुकीचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, शिकारीचा नव्हे. मटणाचं म्हणाल तर ते जवळ सापडणं हाच गुन्हा आहे, आणि ते कायदेशीर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची.

एक गोष्ट मान्य करतो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पिकाचं नुकसान करत असतील तर आपल्या राज्यात रीतसर अर्ज करून परवानगी मिळू शकते. मेसेजवाल्यानं तेच उचलून हरणाला चिकटवलंय. अमेरिकेतल्या काही शहरांत ठरलेल्या हंगामात परवाना घेऊन धनुष्यबाणानं हरणं मारू देतात, हेही खरं; पण तो तिथला कायदा.

वस्तीत हरीण शिरलं तर काय करायचं, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला रानगवा शिरला, गर्दीनं त्याचा पाठलाग केला आणि तो मेला. हरीण तर त्याहून भित्रं. नुसत्या पळापळीनंही जीव सोडतं. कुत्री बांधा, लोकांना लांब ठेवा, १९२६ वर वनखात्याला फोन लावा.

भावाला सांगितलंय, पिकाचं नुकसान झालं असेल तर पंचनामा करून घे. हरणानं केलेल्या नुकसानीलाही भरपाई मिळते. अर्ज तेवढ्याचाच दे, मी येतो सोबत.