सुखाची दुकानदारी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उपचारांचा लाभ ‘क्वाली’त, म्हणजे आयुष्याची वर्षं आणि प्रकृती एकत्र धरणाऱ्या मापात, मोजण्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की सुखाला तराजूत घालणं ही ‘पुष्कळांचं पुष्कळ सुख ज्यात, ते योग्य’ म्हणणाऱ्या बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाची दुकानदारी आहे आणि टिळकांनी ‘गीतारहस्या’त तिचा निकाल शंभर वर्षांपूर्वीच लावला. बोचलं. मग तो जाडजूड ग्रंथ पुन्हा काढून बसलो, म्हणून उत्तराला उशीर.

तुम्ही दिलेला टिळकांचा दाखला बरोबर आहे. अमेरिकेतल्या एका शहरात ट्राम हवी होती, परवानगी अडली, ट्राम कंपनीच्या व्यवस्थापकाने लाच चारून ती मिळवली. ट्रामने पुष्कळांची सोय झाली, तरी तो दोषी ठरलाच. शिवाय कौरवांचं सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचं सात. डोकी मोजून न्याय करायचा तर दुर्योधनच खरा! लाच देणाऱ्याची नियत सुखाच्या बेरजेत दिसत नाही, हे मला मान्य. पण ‘आधिभौतिक सुखवाद’ या त्याच प्रकरणात टिळक पुष्कळांच्या सुखाचं हे तत्त्व अगदीच टाकाऊ ठरवत नाहीत. निव्वळ बाह्य बाबींपुरतं ते उपयोगी आहे, असं तेही म्हणतात. माझा लेख अशाच एका बाह्य बाबीवर होता: तिजोरीत पैसे मोजके, रोगी अनेक.

पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे 1 क्वाली, निम्म्या प्रकृतीची दोन वर्षं म्हणजेही 1. इंग्लंडमध्ये नवं औषध सरकारी खर्चाने द्यावं का, हे ठरवताना ‘नाइस’ ही संस्था अनेक वर्षं एका क्वालीमागे 20 ते 30 हजार पौंडांची मर्यादा धरत होती. प्रकृती मोजायला सहसा पाच प्रश्न असतात: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं आणि चिंता-उदासी. आता खरी गोम. या उत्तरांना भाव लावतात ते रुग्ण नव्हेत, सर्वसामान्य लोक. ‘अशा अवस्थेत 10 वर्षं काढण्याऐवजी ठणठणीत किती वर्षं घ्याल?’ असं त्यांना विचारतात. काही अवस्थांना तर शून्याखालचे गुण मिळतात, म्हणजे मरण बरं! चाकाच्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसलेला माणूस स्वतःच्या आयुष्याला पुष्कळदा याहून चांगले गुण देतो. पण हिशेबात त्याचा जीव वाचवण्याचं मोल कमी भरतं. अमेरिकेने 2010च्या आरोग्य कायद्यात क्वालीच्या अशा वापराला लगाम घातला, तो याच भीतीने. हा आक्षेप तुम्ही घ्यायला हवा होता; त्यापुढे माझी बोलती बंद झाली असती.

माझ्या आत्याला गुडघ्याचे व्यायाम शिकवणारी मुलगी विचारते, ‘शून्य ते दहा, दुखणं किती?’ आत्या म्हणते, ‘पाहुणे असले की तीन, गेले की सात.’ तुम्ही याला मोजमापाचा पराभव म्हणाल. पण त्या सातामुळेच तर मुलीने व्यायाम बदलला.

‘मोजूच नका’ म्हणता, तेव्हा वाटप थांबत नाही हो. खाट कुणाला तरी मिळतेच. नगरसेवकाचा फोन ज्याच्यासाठी येतो त्याला, किंवा जो काउंटरवर जास्त आरडाओरडा करतो त्याला. तोही तराजूच, फक्त काटा झाकलेला. क्वालीचा काटा निदान उघड्यावर आहे, म्हणून तर तुम्हाला-मला त्यावर भांडता येतं.

एक मात्र मागे घेतो. ‘ही बेरीज जास्तीत जास्त वाढवणं हेच ध्येय’ असं मी लिहिलं होतं. मोजणं वेगळं आणि मोजता आलं तेवढंच वाढवत सुटणं वेगळं; मी दोन्हींची सरमिसळ केली. ते वाक्य आज काढतो आहे, आणि का काढलं याची नोंद लेखाखाली ठेवतो.