'काढा त्याला' म्हणणाऱ्यांनो, आधी करार वाचा

ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबर संपेपर्यंत आमच्या घरात शनिवार नसतो, कॉलेज फुटबॉलची मॅच असते. आणि मॅच हरली की रात्री झोपेपर्यंत एकच जप सुरू: "काढा त्याला. कोच बदलल्याशिवाय काही खरं नाही." नवरा टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा. कॉलेज स्टेशन हे तिथलं गाव सोडून जमाना झाला, पण अंगावर चढलेला टीमचा मरून रंग काही उतरत नाही. त्यात ह्यूस्टनमधल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप. एरवी त्यावर मोदकांच्या ऑर्डरी आणि व्हिसाची रडगाणी असतात. शनिवारी मात्र तिथे सगळे कोचचे बाप.

हा फुटबॉल म्हणजे तो हातात धरून पळायचा अमेरिकन प्रकार, आणि मला त्यातलं फार कळत नाही. पण मी पोटासाठी दिवसभर कंत्राटं वाचते, एका कंपनीत पर्चेसमध्ये आहे. त्यामुळे कोणी 'काढा' म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, टर्मिनेशन क्लॉज, म्हणजे मुदतीआधी काढायची अट, काय आहे? हे विचारलं की ग्रुपवर शांतता पसरते. मग कोणीतरी हसण्याची इमोजी टाकतो. संताप होतो माझा!

जिंबो फिशरचं आठवतंय का कोणाला? फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला 2013 च्या मोसमाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेला कोच. 2017 च्या डिसेंबरात त्याला ए अँड एमला आणला. 10 वर्षं, साडेसात कोटी डॉलर, आणि सगळे गॅरंटीड. म्हणजे टीम जिंको, हरो, नाहीतर मैदानात झोपो, पैसे मिळणारच. आल्या आल्या विद्यापीठाच्या चॅन्सेलरसाहेबांनी त्याच्या हातात राष्ट्रीय विजेतेपदाची एक पाटी दिली. तीवर सगळं कोरून तयार, फक्त सालाची जागा रिकामी. '20' लिहिलेलं आणि पुढे दोन घरं कोरी! ए अँड एमचं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद 1939 चं, तेव्हा घाई समजू शकते मी. पण बाळाआधी बारसं उरकायचं आणि वर पेढे वाटायचे, याला काय म्हणावं?

2020 साली टीम 9-1 खेळली (म्हणजे 9 जिंकल्या, 1 हरली), ऑरेंज बोल ही मोसमाअखेरची मानाची मॅच जिंकली, देशात चौथी आली. छान झालं. पण लगेच 2021 च्या सप्टेंबरात, आधीच्या कराराची निम्म्याहून जास्त वर्षं शिल्लक असताना, नवा करार! 2031 पर्यंत, साडेनऊ कोटी, पुन्हा सगळे गॅरंटीड. आमच्या ऑफिसात एखाद्या व्हेंडरला चालू कंत्राट अर्ध्यात असताना असं वाढवून दिलं असतं ना, तर ऑडिटवाल्यांनी मला उभी-आडवी घेतली असती. इथे टाळ्या पडल्या. आणि कोणाच्या? आज 'काढा' म्हणणाऱ्यांच्याच. ग्रुपवरचे तेव्हाचे मेसेज मी मुद्दाम ठेवलेत. "जिंबोला कुठे जाऊ देऊ नका रे," असं लिहिणारे महाभाग पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने खडे फोडत होते.

पुढचं वर्ष म्हणजे 2022. ॲपलाचियन स्टेट नावाची टीम घरच्या मैदानावर बोलावली. या मोठ्या विद्यापीठांची एक पद्धत असते, लहान टीमला पैसे देऊन बोलवायचं, तिला बदडायचं आणि विजय खात्यात जमा करायचा. तर त्या टीमला 15 लाख डॉलर दिले, आणि ती यांना 17-14 असं हरवून पैसे घेऊन घरी गेली. लाथेने चेंडू उडवायचे किकॉफ, पंट वगैरे सोडले तर अख्ख्या मॅचमध्ये ए अँड एमला धड 38 डाव खेळायला मिळाले, कारण 41 मिनिटं चेंडू समोरच्यांकडेच होता. मॅच असते 60 मिनिटांची! लाखभर माणसं मावणाऱ्या काइल फील्डमध्ये मैदानाच्या कडेला फिशर तो खेळ बघत उभा होता, वर्षाला 90 लाख डॉलर घेऊन. त्या वर्षी टीम 5-7. आणि हे कधी? देशातली सगळ्यात तगडी म्हणून गाजलेली नवी पोरं त्याच वर्षी भरती केलेली असताना.

मग 12 नोव्हेंबर 2023 उजाडला. रविवार होता आणि लक्ष्मीपूजन. आदल्याच दिवशी टीमने मिसिसिपी स्टेटला 51-10 असं लोळवलं होतं. मी चौरंगावर रांगोळी काढतेय, नवरा निरांजनात तूप घालतोय, आणि फोन थरथरतोय. फिशरला काढलं. नवरा निरांजन तसंच ठेवून नाचायला लागला. मी विचारलं, "अरे, किती द्यावे लागतील त्याला?" म्हणाला, "अगं, ते विद्यापीठाला देणग्या देणारे डोनर बघतील!"

डोनर बघतील. 60 दिवसांत 1 कोटी 92 लाख डॉलर, आणि पुढे 2031 पर्यंत दर वर्षी 72 लाख. एकूण साधारण 7 कोटी 70 लाख डॉलर. रुपयांत सहाशे कोटींच्या वर! काम न करण्याचे! बरं, नेहमीच्या करारांत निदान एवढं तरी असतं की काढलेल्या कोचने दुसरी नोकरी धरली तर तिथला पगार वजा होईल. इथे तेही नाही. तो उद्या दुसरीकडे कोच झाला तरी इकडून पैसे चालू. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे लक्ष्मी दारात यायची वाट बघतात, यांनी ती कुरिअर करून पाठवली.

तो वजावटीचा एक क्लॉज किती मोलाचा, हे पेन स्टेट विद्यापीठाकडे बघा म्हणजे कळेल. 2025 चा मोसम सुरू होताना ते देशात दुसऱ्या नंबरवर होते. लागोपाठ तीन मॅच हरले आणि ऑक्टोबरात कोच जेम्स फ्रँकलिनला घरी पाठवलं. त्याचे द्यायचे होते सुमारे 4 कोटी 90 लाख. पण करारात वजावटीची सोय होती. तो महिन्याभरात व्हर्जिनिया टेक विद्यापीठात कोच म्हणून लागला आणि प्रकरण 90 लाखांवर मिटलं. 4 कोटी डॉलर वाचले, कागदावरच्या एका अटीमुळे! मात्र नवा कोच मिळेपर्यंत पोरं पांगली, डिसेंबरात भरतीच्या दिवशी पेन स्टेटला सही करणारे जेमतेम दोघे सापडले. 'काढा' म्हणणं सोपं असतं, पण ज्या अठरा वर्षांच्या पोराने त्या कोचच्या शब्दावर घर सोडायचं ठरवलेलं असतं, त्याचं काय होतं हे ग्रुपवर कोणी लिहीत नाही.

आणि पोरांवरूनच सांगते. 2025 पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर, तीही सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून. एकट्या फिशरला घरी बसवण्याच्या पैशांत असली जवळपास पावणेचार वर्षं निघाली असती. त्यावर आमच्यातलेच काही शहाणे म्हणतात, "पोरं आता फार पैसे मागायला लागलीत बुवा." धन्य आहे!

पण माझी खरी तळपायाची आग मस्तकात जाते ती सह्या करणाऱ्यांमुळे. फिशरला 2017 मध्ये आणलं ते ए अँड एमचे तेव्हाचे क्रीडासंचालक स्कॉट वुडवर्ड यांनी. ते पुढे एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाला गेले आणि तिथे 2021 मध्ये ब्रायन केलीला कोच म्हणून आणलं. किती वर्षांसाठी? 10! किती पैसे? साडेनऊ कोटी! केलीची टीम 2025 च्या ऑक्टोबरात घरच्या मैदानावर 49-25 अशी हरली, तीसुद्धा ए अँड एमकडूनच, आणि दुसऱ्या दिवशी त्याला नारळ. देणं सुमारे 5 कोटी 40 लाख. तेव्हा कुठे तिथले गव्हर्नर उघडपणे म्हणाले, की पुढचा कोच वुडवर्ड निवडणार नाहीत, आणि आठवडा संपायच्या आत वुडवर्डही गेले. इकडे फिशरला ती 2031 पर्यंतची मुदतवाढ दिली वुडवर्ड यांच्यानंतरचे क्रीडासंचालक रॉस ब्यॉर्क यांनी. त्यांचं काय झालं? 2024 मध्ये ते ओहायो स्टेटला गेले. बढतीवर!

म्हणजे कोच जातो, पोरं पांगतात, डोनर खिसे उलटे करतात, आणि सही करणारा पुढच्या स्टेशनवर उतरून नवीन पेन उघडतो. त्याला 'काढा' असं कोणीही ओरडत नाही. कारण तो टीव्हीवर दिसत नाही.

आता ए अँड एमचा कोच माइक एल्को आहे. माणूस कामाचा वाटतो, त्याला कशाला नावं ठेवू. पहिल्या वर्षी 8-5. (फिशरच्या आधीच्या केव्हिन समलिनला लागोपाठ तीन वर्षं 8-5 केल्यावर लोक कंटाळले होते. फिशरचं दुसरं वर्षही 8-5. इतके कोटी ओतून आकडा तोच!) दुसऱ्या वर्षी मात्र लागोपाठ 11 विजय आणि पहिल्यांदाच प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी. त्या भरात नोव्हेंबरमध्ये काय केलं असेल? ओळखा. करार वाढवला. कुठपर्यंत? 2031! म्हणजे 2031 साली एक कोच पगार घेणार मैदानावर उभं राहायचा आणि दुसरा घेणार न राहायचा.

मग टेक्सासकडून हरले, डिसेंबरात प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला घरच्या मैदानावर मायामीकडून 10-3 हरले. त्या रात्री ग्रुपवर पहिला मेसेज पडला: "एल्को मोठ्या मॅचचा कोच नाही." खाली सात अंगठे. त्यातला एक आमच्या घरातला.

तेव्हा एक नियम मी ग्रुपवर टाकलाय, ज्यांना झोंबेल त्यांना झोंबो. 'काढा' असं लिहिणाऱ्याने त्याच मेसेजमध्ये आपण स्वतः किती डॉलर भरणार तो आकडा लिहायचा. अजून एकही आकडा आलेला नाही. दिवाळीच्या पॉटलकची वीस डॉलर वर्गणीसुद्धा यातल्या तिघांकडून यायची आहे.