लांब केबलने चित्र फिकं पडत नाही, तुटतं

एचडीएमआय केबलवरचा (प्लेअरमधून टीव्ही-प्रोजेक्टरला चित्र आणि आवाज नेणारी केबल) तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘केबल लांब झाली की रंग फिके पडतात’ हे वाक्य पटलं नाही. ते जुन्या ॲनालॉग केबलचं खरं होतं. एचडीएमआय डिजिटल आहे. सिग्नल पोचतोय तोवर चित्र जसंच्या तसं दिसतं, कमकुवत झाला की पांढरे ठिपके चमकतात, मध्येच पडदा काळा होतो, आणि शेवटी ‘नो सिग्नल’.

आमच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये हेच झालं. प्रोजेक्टर मागच्या भिंतीवर, प्लेअर समोर टीव्ही युनिटमध्ये, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून १५ मीटरची साधी तांब्याची केबल आणून भिंतीत टाकली. १०८०पी, म्हणजे साधं फुल एचडी चित्र, सुरळीत चाललं. ४के (फुल एचडीच्या चौपट बारकावे), सेकंदाला ६० फ्रेम, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) लावलं की दर दोन मिनिटांनी पडदा काळा! १०८०पीला सेकंदाला साडेचार गिगाबिटच्या आसपास डेटा पुरतो, अशा ४केला सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत नेणारी केबल लागते. तो वेग साध्या तांब्यातून साधारण ५ मीटरपर्यंतच भरवशाने जातो. मग ॲक्टिव्ह ऑप्टिकल केबल (काचेच्या तंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणारी) घेतली, आता काही त्रास नाही. ती एकाच दिशेने चालते, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक प्लेअरलाच लावायचं. जास्त वाकवू नका, आतली काच तुटते.

नवीन फ्लॅटचं काम काढणाऱ्यांना कळकळीची विनंती: केबल प्लॅस्टरमध्ये गाडू नका. रुंद पाइप टाका, प्लग आत जाईल एवढा, आणि पुढे नवी केबल ओढून घ्यायला त्यात एक दोरी सोडून ठेवा. माझी जुनी केबल काढायला भिंत फोडावी लागली होती.