मग ह्यात आहे काय?

परवा एका माणसानं माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून माझ्या केकला "बिचारा" म्हटलं. तीन दिवस झाले. मी ते विसरलेले नाही आणि एवढ्यात विसरायचा विचारही नाही.

मैत्रिणीच्या मुलीचा आठवा वाढदिवस. मुलीला अंड्याची ॲलर्जी, दुधाचीही. "केक माझ्याकडे लागला," असं मी फोनवर म्हणून बसले. फोनवर माणूस उगाचच उदार होतो. संत्र-लिंबाचा, आत बेदाणे आणि जर्दाळू घातलेला केक करायचा ठरला, कारण लिंबाचा रस आणि खायचा सोडा एकत्र आले की अंड्यावाचूनही पीठ फुगतं, एवढं मला ठाऊक होतं.

एवढं ठाऊक असणं आणि प्रत्यक्षात केक होणं यांच्या मधल्या जागेत माझे दोन केक गेले.

पहिल्यात मी काबुली चणे शिजवल्यावर उरलेलं पाणी वापरलं. हसू नका. 2014 साली ज्योएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच गायकाच्या ध्यानात आलं, की हे पाणी घुसळलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस धरतं. तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडं, असा हिशोब. मी पंधरा मिनिटं घुसळलं. फेस असा आला की दोघांची दाढी झाली असती. मग त्यात तेलाची धार सोडली आणि फेस जो बसला तो उठलाच नाही. तेलाचं आणि फेसाचं पटत नाही, हे मला नंतर कळलं. सगळं मला नंतरच कळतं.

दुसऱ्यात मी लिंबू वगळून नुसता संत्र्याचा रस घातला आणि फुगावा म्हणून सोड्याला हात सैल सोडला. आता, लिंबाच्या रसात आम्ल शेकडा पाच-सहा असतं आणि संत्र्याच्या रसात जेमतेम एक. आम्ल पचवेल तेवढाच सोडा खपतो. उरलेला कुठं जाणार? जिभेवर. नवऱ्यानं एक घास खाल्ला, जरा वेळ भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "भांड्यांचा साबण बदललास का?"

म्हणून तिसरा केक. या वेळी अंड्याच्या जागी जवस: एक मोठा चमचा कुटलेलं जवस, तीन चमचे पाणी, दहा मिनिटं बाजूला. चांगलं चिकट बुळबुळीत होतं. लोण्याच्या जागी मार्गारीन आणलं होतं, पण डब्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची सवय मला त्या मुलीच्या आईनं लावली आहे. सातव्या ओळीत 'व्हे' सापडलं. व्हे म्हणजे दुधाचं निवळ पाणी, म्हणजे दूधच, वेष पालटून आलेलं. डबा बाजूला, तेल पुढे.

मग साल किसली. सालीचा फक्त वरचा केशरी पापुद्रा हवा असतो, सुगंधी तेलाच्या पिशव्या तिथे असतात. खालचा पांढरा कापूस आला की केक कडू. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या नादात किसणीनं माझ्या बोटाचं पेर सोललं. मी ताबडतोब हात मागे घेतला, दुखलं म्हणून कमी आणि केक शाकाहारी राहावा म्हणून जास्त. किस साखरेत घालून चुरडला, साखर ओलसर केशरी झाली, आणि स्वयंपाकघरभर असा वास सुटला की मला वाटलं, आज जमणार.

ओव्हन 180 वर तापला होता. मैदा, साखर, तेल, जवस, रस, फळं, सगळं एकत्र झालं. शेवटी लिंबाचा रस. तो पडला की सोडा लगेच फसफसतो, आणि तिथून पुढे घड्याळ सुरू होतं. बुडबुडे वाट बघत नाहीत. मिश्रण भांड्यात ओतायचं आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवायचं, मध्ये श्वाससुद्धा घ्यायचा नाही.

मी भांडं उचललं आणि बेल वाजली. नवऱ्यानं दार उघडलं.

शेजारचे काका. खिडक्यांना रंग द्यायला आमचं स्टूल नेलं होतं, ते परत करायला आले होते. स्टूल घेऊन ते थेट आत आले, ओव्हनच्या बरोबर समोर ठेवलं आणि त्यावर बसले. स्टुलावर पांढऱ्या रंगाचे सात थेंब होते. मी मोजले. मोजायला वेळ मिळाला.

काकांनी उभी हयात लोकांचे हिशोब तपासण्यात घालवली आहे. निवृत्त झाले, पण तपासणी थांबली नाही.

"काय, केक का?"

"हो काका. जरा ओव्हन..."

"कर, कर. माझ्याकडे लक्ष देऊ नकोस. अंडी किती घातलीस?"

"अंडी नाहीत."

"असं होय, बिनअंड्याचा. मग दही असणार."

"दही नाही."

"कंडेन्स्ड मिल्क."

"नाही."

"साधं दूध?"

"दुधाचं काहीच नाही काका. मुलीला चालत नाही."

"बरं. म्हणजे नुसतं लोणी."

"लोणी दुधाचंच असतं ना काका."

काका विचारात पडले. खात्यात न जुळणारी नोंद सापडल्यावर माणूस जसा चष्म्यावरून बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तसं बघायला गेलं," ते म्हणाले, "तर सगळंच कशाचं ना कशाचं असतं."

यावर काय बोलणार? माझ्या हातातलं भांडं तोवर बोलायला लागलं होतं. कान दिला तर ऐकू येत होतं, बारीक चुरचुर. वर बुडबुडे येत होते आणि एकेक फुटत होता.

"काका, तुमच्या मागे ओव्हन आहे, मला जरा..."

"आहे ना. मघापासून कंबर शेकली जातेय. फार बरं वाटतंय. तू सांग, मग ह्यात आहे काय?"

मी पाढा म्हटला. मैदा, साखर, तेल, संत्री, लिंबू, बेदाणे, जर्दाळू, जवस. काका एकेका बोटावर घेत होते. जवसावर बोट थांबलं.

"जवस? अगं, जवसाचं तेल रंगात घालतात! हे काय," त्यांनी स्टुलावरच्या थेंबांवर टिचकी मारली, "ऑइलपेंट! केक करतेयस की भिंतीला पहिला हात मारतेयस?"

आणि स्वतःच्या विनोदावर ते हसले. बराच वेळ हसले. हसताना मागे रेलले, ओव्हनच्या दाराला पाठ लागली, चटका बसला. मला वाटलं, उठतील. त्यांनी स्टूल चार बोटं पुढे सरकवलं आणि परत बसले.

इथपर्यंत मी मनातल्या मनात हसत होते, खरं सांगते. घरी आलेल्या माणसाला "उठा" म्हणता येत नाही, हा दोष काकांचा नाही, माझा आहे. पण मग त्यांनी आवाज खाली आणला, मान पुढे केली आणि ते वाक्य म्हणाले जे त्या मुलीच्या आईनं आठ वर्षांत शेकडो वेळा ऐकलेलं आहे.

"मी काय म्हणतो, एवढंसं लोणी घातलं तर काय होतंय? पोरीला सांगायचंच नाही."

काय होतं ते सांगते. पाच वर्षांची असताना एका वाढदिवसाला कुणा प्रेमळ बाईंनी तिला "एकच घास" भरवला होता. पोरगी ओठ सुजून, धाप लागून रात्रभर दवाखान्यात होती आणि प्रेमळ बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पण मी तर एकच घास दिला." लोकांना वाटतं ॲलर्जी म्हणजे नखरा, नाहीतर पोट बिघडणं. दूध पचत नाही ते वेगळं. तिथे भानगड दुधातल्या साखरेची, लॅक्टोजची असते आणि लॅक्टोज काढलेलं दूध चालून जातं. हिचं शरीर दुधातल्या प्रथिनांनाच शत्रू समजतं. लॅक्टोज काढा नाहीतर आणखी काही काढा, प्रथिनं तिथेच. हे मी तिच्या आईला इतक्यांदा समजावताना ऐकलंय की तिचा आवाज कुठल्या शब्दावर थकतो तेही मला पाठ आहे. आठ वर्षांची मुलगी दर वाढदिवसाला स्वतःचा डबा घेऊन जाते. सगळे केक खातात तेव्हा ती डब्यातलं बिस्कीट खाते आणि टाळ्या वाजवते. माझे दोन केक कचऱ्यात गेले ते हौस म्हणून नाही.

हे सगळं मी काकांना म्हणाले नाही. एवढंच म्हणाले, "काका, दवाखान्यात न्यावं लागतं." ते क्षणभर गप्प बसले. ओशाळले असावेत. पण काकांचं ओशाळणं फार टिकत नाही.

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

"काका, 1837 साली होतं," मी म्हटलं.

हे मला आयत्या वेळी कसं सुचलं कोण जाणे. बर्मिंगहॅमचा आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधवाला होता. त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं आणि तिला कस्टर्ड तर आवडायचं. "न खाल्ल्यानं मरत नाहीस," असं न म्हणता त्यानं 1837 मध्ये अंड्यावाचूनची कस्टर्ड पावडर केली. पुढे यीस्टही तिला बाधतं असं दिसलं, तर 1843 मध्ये बेकिंग पावडर केली. म्हणजे आज जगात जो कुणी बिनअंड्याचा केक फुगवतो, तो एका माणसानं बायकोचं म्हणणं खरं मानलं याच्या जिवावर. मला ही गोष्ट फार आवडते. नवऱ्याला मी ती तीनदा सांगितली आहे.

काकांनी मन लावून ऐकलं.

"मग त्यानं त्याचा धंदा केला का?"

"केला. मोठी कंपनी झाली."

"बघ! तो बायकोच्या पथ्यावर कंपनी काढून बसला. तुला ह्यात काय सुटणार? संत्री, जर्दाळू, तीन वेळचा गॅस. मैत्रिणीला हिशोब तरी दिलायस का?"

आमचा ओव्हन विजेवर चालतो. पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, ते उठून बाहेर गेले आणि मी स्टूल पायानं ढकलून भांडं आत सरकवलं. अकरा मिनिटं गेली होती. सोड्याची फसफस संपली होती. वर नुसते खड्डे उरले होते, पाऊस पडून गेलेल्या वाळूसारखे. तरी मी दीड चमचा बेकिंग पावडर घातली होती आणि तिचं बरं असतं, ती थोडी ताकद उष्णतेसाठी राखून ठेवते. दहा मिनिटांनी काचेतून बघितलं तर केक हळूहळू वर येत होता. मी ओव्हनसमोर मांडी घालून बसले. डोळ्यांत पाणी आलं म्हणणं जास्त होईल, पण नाक ओढलं.

विसाव्या मिनिटाला आईचा फोन आला म्हणून मी गॅलरीत गेले. परत येते तो काका. चष्मा विसरले होते म्हणे. चष्मा डोळ्यांवर होता, आणि ओव्हनचं दार उघडं.

"फक्त बघितलं," काका म्हणाले.

अंड्याचा केक असता तर एखादे वेळी निभावलं असतं, अंडं लवकर घट्ट होतं आणि भिंत धरून ठेवतं. इथे भिंत म्हणजे मैदा आणि आशा. गार हवा आत गेली आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत मधला भाग सावकाश, जड पोट घेऊन खुर्चीत बसावं तसा खाली गेला.

"बिचारा," काका म्हणाले. दार लावलं आणि गेले.

बाहेर काढल्यावर मी त्याला सुरीच्या टोकानं भोकं पाडली. जरा जास्तच पाडली. वरून लिंबाचा रस आणि साखरेचा गरम पाक ओतला. तो सगळा मधल्या खड्ड्यात जाऊन साचला. कापल्यावर दिसलं की बेदाणे आणि जर्दाळू एकजुटीनं तळाला गेले आहेत. मैद्यात घोळवून घातले की बुडत नाहीत असं म्हणतात. मी घोळवले होते. पातळ पिठात मैद्यासकट बुडतात.

वाढदिवसाला त्या मुलीनं मेणबत्त्या विझवायच्या आधी माझी बाही ओढली. "मावशी, ह्यात काय काय आहे?" मी तोच पाढा म्हटला. तीही बोटांवर मोजत होती. जवसावर तीही थांबली.

"जवस म्हणजे काय?"

"बी असतं. भिजवलं की चिकट होतं."

"शेंबडासारखं?"

"अगदी तसंच."

ती खूश झाली. "मला मधला दे," म्हणाली, "तिथे खोल आहे." पाक मुरलेला तो खड्डा तिनं चमच्यानं उकरून खाल्ला आणि बाकीच्या मुलांना कडेचे तुकडे मिळाले. डबा दप्तरात होता, तो उघडला गेला नाही. तिची आई काही बोलली नाही, नुसती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्याच बशीतला तुकडा खाऊन टाकला.

एक फोड मी काकांना नेऊन दिली होती. का दिली, त्याचाही मला राग आहे. काल जिन्यात भेटले. "केक म्हणू नये त्याला," म्हणाले, "पण आहे का उरलेला?" नाही म्हटलं. मग त्यांच्यासोबतच्या गृहस्थांना सांगायला लागले, की हिनं दूध-अंडं न घालता केक केला, मी शेवटपर्यंत समोर बसून होतो म्हणून जमला.

संध्याकाळी परत आले. दोन खिडक्या राहिल्यात, स्टूल घेऊन गेले. झालं की आणून देतो म्हणालेत. कधी, ते सांगितलेलं नाही, म्हणून ओव्हन सध्या बंद आहे.