वस्तीतल्या मुलांना एआय कशाला? त्या मेसेजला माझं उत्तर

इंदूरमधल्या आमच्या मराठी ग्रुपांवर पंधरा दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं : वस्तीतल्या मुलांना एआय शिकवणं ही चैन आहे, आधी त्यांना धड वाचता येऊ द्या. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाहीत. यंत्र निष्पक्ष असतं, त्यात नीतीचा प्रश्न कुठे? नीती घरी शिकायची. आणि याने नोकरी लागणार आहे का?

मालवा मिलजवळच्या एका वस्तीत मी दर रविवारी मुलांना शिकवते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘आधी वाचन.’ वाचन यायलाच हवं, दुमत नाही. पण एआय त्यासाठी थांबलेलं नाही. घरात एकच फोन असतो, बाबा कामावरून आले की तो मुलांच्या हाती येतो, आणि त्याच्याशी बोलायला अक्षरओळख लागत नाही. सातवीतल्या एका मुलीने अहिल्याबाईंवरचा निबंध फोनला विचारून आणला. त्यात होतं, अहिल्याबाईंनी इंदूरला राजधानी ठेवून कारभार केला. मी म्हटलं, पुस्तकात बघ. एरवी पुस्तक टाळणारी ही पोर ओळीखाली बोट धरून, अडखळत वाचत गेली आणि ओरडलीच, ‘‘ताई, इथे महेश्वर लिहिलंय! फोन खोटं बोलला!’’ मग तासभर तेच चाललं. फोन खोटं बोलला नाही, त्याला खरं-खोटं कळतच नाही. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, ते तो जुळवतो. अहिल्याबाई आणि इंदूर ही नावं किती ठिकाणी शेजारी-शेजारी येतात, आठवून बघा. यंत्राची चूक पकडायच्या ईर्ष्येने ती त्या दिवशी तीन पानं वाचून गेली.

‘कॉम्प्युटर नाहीत.’ लागत नाहीत. आम्ही चिठ्ठ्या वाटल्या : ‘सकाळी पोह्यांबरोबर काय?’ बहुतेकांनी लिहिलं जलेबी. जळगावहून नुकत्याच आलेल्या एका मुलाने लिहिलं चहा. चिठ्ठ्या मोजून मी सांगितलं, समजा एखादं यंत्र या चिठ्ठ्यांवरून शिकलं, तर ते दर वेळी जलेबीच म्हणणार. त्याने विचारलं, ‘‘म्हणजे माझं उत्तर चूक?’’

यंत्र निष्पक्ष असतं म्हणणाऱ्यांनी या मुलाला उत्तर द्यावं. 2018 मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका 1 टक्क्याच्या आत होत्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत त्या जवळजवळ 35 टक्क्यांपर्यंत गेल्या. अशा यंत्रणा ज्या फोटोंवर पारखल्या जात, त्यांत गोऱ्या चेहऱ्यांचाच भरणा होता. आमच्या वर्गातल्या मुली कोणत्या रांगेत बसतात, हे वेगळं सांगायला नको.

‘नीती घरी शिकतात.’ हा मुद्दा मला सगळ्यात लागला. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने गल्लीतल्या मुलीचा डीपी घेऊन तो चेहरा एका नाचाच्या व्हिडिओवर चढवला. दोन मिनिटांचं काम. त्याच्या मते गंमत. ती आठ दिवस घराबाहेर पडली नाही. त्याची आई धुणीभांडी करते, मुलाला वळण लावण्यात ती कुठेही कमी पडलेली नाही. पण असं काही करता येतं हेच तिला माहीत नव्हतं, मग रोखणार कशी? आता वर्गात सगळ्यांना 1930 हा सायबर गुन्ह्यांचा हेल्पलाइन नंबर पाठ आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, हेही मुलं घरी जाऊन सांगतात. कारण वस्तीत ॲपवरचं ‘होय’ बहुधा मुलंच दाबतात, आईबाबांच्या वतीने.

राहिली नोकरी. लगेच लागणार नाही, आणि चकचकीत सर्टिफिकेट विकणाऱ्यांवर मेसेजने टीका केली असती तर मी सहीच केली असती. पण या मुलांपैकी काहींचे आजोबा इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये कामगार होते. मिल 1991 ला बंद पडली आणि थकलेले पैसे सुटायला 2023 चा डिसेंबर उजाडला. त्यांतले एक आजोबा नातीला सोडायला येतात आणि मागे सतरंजीवर बसून ऐकतात. परवा त्यांनी विचारलं, ‘‘बाई, हे यंत्र माझं रेशन किंवा कर्ज नाकारेल, तर मी दाद कुणाकडे मागायची?’’

मुलांनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतलाय. येत्या रविवारी तोच धडा आहे.