‘गोळ्या वाचवणाऱ्या’ डॉक्टरचं उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की दाताचं इम्प्लांट (म्हणजे नकली दातासाठी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू) बसवताना अँटिबायोटिकचा एकच डोस आधी द्यावा, नंतरचा पाच दिवसांचा कोर्स नको. त्याखाली मिरजेच्या एका वाचकांनी लिहिलंय : “इम्प्लांटनंतर पाच दिवसांचा कोर्स नको म्हणणारे डॉक्टर गोळ्या वाचवतात की फुशारकी मारतात? परदेशातले आकडे सांगलीच्या तोंडात चालत नाहीत. माझ्या सासऱ्यांना शुगर आहे, त्यांचं काय?”

मतभेदाचं स्वागतच आहे. पण फुशारकी? ओळख ना देख, थेट फुशारकी?

असो. ‘सांगलीच्या तोंडात’ या शब्दांनी मात्र माझी झोप उडवली. आपण भडंग खातो म्हणून हिरड्यांतले जंतू वेगळे झाले का हो? हाडात भोक पडतं त्या क्षणी औषध रक्तात हजर हवं, म्हणून ते तासभर आधी द्यायचं. अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, म्हणजे 500 च्या चार कॅप्सूल, एकदाच. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) सहा चाचण्या होत्या, 1162 पेशंट. आधी डोस घेतलेल्या दर 25 जणांमागे एकाचं इम्प्लांट फेल व्हायचं वाचलं. नंतरच्या गोळ्यांनी आणखी फायदा होतो, असा पुरावा काही मिळाला नाही. आणि टायटॅनियमचं इम्प्लांटही परदेशीच, ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी 1965 साली स्वीडनमध्ये पहिल्या पेशंटला बसवलेलं. ते बरं चालतं सांगलीच्या तोंडात!

मीही आधी कित्येक वर्षं डोळे झाकून पाच दिवस लिहायचो. पेशंट खूश, मेडिकलवाला खूश. जुलाब लागले की रात्री फोन मात्र माझ्या घरी. 2019 च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या एका आजींना इम्प्लांट बसवलं आणि तिसऱ्या दिवशी कृष्णामाई दारात. आजी छावणीत, गोळ्यांची पट्टी पाण्यात. इम्प्लांट आजही घट्ट आहे. एका आजींवरून नियम होत नाही, ठाऊक आहे मला. पण तुम्ही तरी एका सासऱ्यांवरूनच भांडताय ना?

एक मान्य. ‘कोर्स फेकून द्या’ हे शीर्षक भडक होतं, बदललंय. डॉक्टरांनी दिलेला कोर्स कुणी आपल्या मनाने बंद करू नये. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर अमॉक्सिसिलिन चालत नाही, हे लेखात होतंच. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं.

सासऱ्यांच्या शुगरचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा, तो वेगळा विषय आहे. नाहीतर विश्रामबागेत दवाखान्यात घेऊन या, चहा पाजतो. फक्त येताना स्वतःचं नाव सांगा, इथल्यासारखं निनावी नको.